समुद्रावरून परत आलेला शब्द

आमचं रेडिओ केंद्र आयर्लंडमधल्या क्लेअरच्या ओल्या माळावर, गाईंच्या शेजारी. अर्ध्या अटलांटिकवरची विमानं आम्हाला दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. त्यांची वाट ठरवणारे नियंत्रक बसतात स्कॉटलंडात. वैमानिकाचा शब्द त्यांच्याकडे न्यायचा, त्यांचा वैमानिकाकडे. मधे आपला एक शब्द मिसळायचा नाही.

त्या दुपारी सूर्यावर वादळ उठलं होतं, आणि त्यानं रेडिओच्या लहरी विस्कटल्या होत्या. कानात नुसती खरखर. तिच्यातून एक वैमानिक बोलला: लहान मुलीचा श्वास अडकतोय, मागे फिरायचंय. आणि आवाज बुडाला.

स्कॉटलंडचं उत्तर लगेच आलं: आधी अठ्ठावीस हजार फुटांवर उतरा, मगच वळा. मागची विमानं तुमच्या डोक्यावरून जातील.

मी हाका मारत राहिले. समुद्र गप्प.

"ऑर्ला, चहा गार झाला तर होऊ दे," शेजारचा फिन्टन म्हणाला, "तू मात्र तापू नकोस. जवळच्या दुसऱ्या विमानांना विचार."

विचारलं. एक घोगरा आवाज आला, मालवाहू विमानाच्या कॅप्टनबाईंचा. "मी त्यांच्या मागेच आहे. मला ऐकू येतात ते. बोल, काय सांगू?"

मी सांगितलं. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "दिला निरोप. वळतायत."

"ते काय म्हणाले, ते शब्दाला शब्द हवं, कॅप्टन."

"अगं बाई, पोर गुदमरतंय तिकडे!"

"म्हणूनच."

"म्हणाले, समजलं, वळतो."

"आणि उंची?"

खरखर. मागच्या विमानांत त्या स्वतःही होत्या.

मग त्यांचा आवाज हलका होऊन आला. "उंची पोचलीच नव्हती गं. आता म्हणतायत: आधी अठ्ठावीस हजारांवर उतरतो, मगच वळतो."

तो शब्द मी ओंजळीतल्या पाण्यासारखा स्कॉटलंडला पोचवला.

तासाभरानं फिन्टननं मला दाराबाहेर ढकललं. ढगातून एक विमान जवळच्या शॅनन विमानतळाकडे उतरत होतं. गाईंनी माना वर केल्या, मीही केली.

परत आले, तर तो विमानतळाचा फोन ठेवत होता. कानात कॅप्टनबाई, आता दूर गेलेल्या: "पोरीचं काय?"

"उतरली. बरी आहे."

"असं नाही चालत. शब्दाला शब्द!"

मी फिन्टनकडे पाहिलं. तो हसला. "म्हणाली, हे शॅनन नको, आजीकडे बॉस्टनलाच जायचंय."

मी जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून ते पुन्हा जसंच्या तसं परत आलं.