यशवंतमामांची पांढरी एक

मी गाणं कुणाकडे शिकलो नाही. खाणीचा ट्रक चालवता चालवता मोबाइलवर बघून की-बोर्ड शिकलो आणि डिचोलीजवळ मुळगावात घराच्या मागच्या खोलीत स्टुडिओ थाटला. शास्त्रीयवाल्यांचा मला राग. वर्षानुवर्षं सा लावत बसतात आणि स्टेजवर माइक कसा धरायचा ते कळत नाही, हे मी तोंडावर सांगायचो. क्षमालाही सांगितलं होतं. ती सुमंगलाबाईंकडे सहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकत होती. त्यातली पहिली दोन बाईंनी तिला नुसता तंबोरा जुळवायला बसवलं. तरी आमच्या बँडच्या पहिल्या गाण्याला मी तिला घेतली, कारण गळा चांगला.

रविवारी सकाळी बाहेरचा आवाज नको म्हणून जनेलं लावून रेकॉर्डिंग चाललं होतं. भजनी मंडळातल्या यशवंतमामांची जुनी पेटी आदल्या दिवशी वाजवून घेतली होती, त्यावर माझा की-बोर्ड वाजवून झाला होता. राहिलं होतं गाणं. क्षमा चारदा गायली, चारही वेळा बेसूर. कॉम्प्युटरवर तिचा सूर सरळ करून बघितला, तर आणखी घाण.

"तुला जमत नाही गो," म्हटलं आणि तिच्यासमोरच पेडण्याला गाणाऱ्या गौरवीला फोन लावला. "आत्ताच नीघ. गाणं आज संपवायचंय."

क्षमाने हेडफोन काढला. रडली-बिडली नाही. पेटी न्यायला आलेले मामा चहा पीत बसले होते. त्यांना म्हणाली, "मामा, पेटीची पांढरी एक पट्टी दाबून धरा. सुदेशदादा, तू की-बोर्डची धर."

"पांढरी एक सगळीकडे पांढरी एकच."

"धर तरी."

धरली. आधी काही कळेना. मग ती डोळे मिटून बोट वरखाली करायला लागली, आणि त्या बोटाबरोबर मला आवाजात लाट ऐकू आली. वांव, वांव, वांव.

"पेटी केसभर चढी आहे," ती म्हणाली. "मी कुणाबरोबर गाऊ ते सांग."

मामा भाता मारता मारता हसले. "चाळीस वर्सां अशीच आसा ती. भजनात तिच्यावांगडा दुसरी पेटी वाजता काय? तू विचारलंस खंय माका?"

की-बोर्डचा सूर बारीक चढवायची सोय असते. मी त्या बटणाला कधी हात लावला नव्हता. एकेक पायरी चढवत गेलो. लाट मंद झाली, बोट मंद झालं. एका पायरीवर बोट थांबलं. खोलीत एकच सूर राहिला.

तेवढ्यात गौरवीचा फोन. "म्हापशाक पोचलंय. डिचोलीची बस धरू?"

लाइट गेली म्हणून सांगावं, असं अगदी जिभेवर आलं. दोघं माझ्याकडे बघत होती.

"परत जा," मी म्हटलं. "क्षमाच गाणार. चूक माझी होती, मी तिच्यावर ढकलली."

गौरवी म्हणाली, "तां बघूक तरी येतंय. बेकरीतले उंडे घेऊन येतंय, चाय ठेव."

क्षमाने हेडफोन पुन्हा कानाला लावला नाही. कदेल ओढून मामांच्या बाजूला बसली.

"आधी तुझा की-बोर्ड या सुरात परत वाजवून घे," म्हणाली. "मी थांबते."