अकरा चुकीची उत्तरं

साठ तास भरले की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र दाखवलं की पुढच्या प्रवेशात पाच जादा गुण, आणि पाच गुण मिळाले की 'शेजारच्यांची मुलगी बघ' हे वडिलांचं पालुपद निदान वर्षभर बंद. अंध उमेदवारांची लेखनिक व्हायला ती गेली, ती एवढा हिशेब करून. मन चांगलं होतंच तिचं, पण मनाला कोणी गुण देत नाही.

तिच्या वाट्याला आला पाणीखात्यातला ऑपरेटर. एकवीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून तक्रारींचे फोन घेणारा. आवाजावरून माणूस ओळखायचा आणि समोरच्याने तक्रार सांगायच्या आत कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय ते सांगून टाकायचा. तिचं नाव त्याने पहिल्याच दिवशी ठेवलं.

"या प्रमाणपत्र. किती तास झाले?"

"काका, चेष्टा पुरे. पुढचा धडा वाचू का?"

परीक्षा बढतीची होती. फॉर्म भरला होता त्याच्या मोठ्या बहिणीने, जिच्या घरी तो राहायचा.

"पास झालो तर मुख्य ऑफिसात टाकतील," तो म्हणाला. "मला इथंच राहायचंय. पण ताईला नाही म्हणण्यापेक्षा नापास होणं सोपं. यंदा शेवटची संधी. वय उलटलं की विषय संपला."

ती हसली. प्रशिक्षणात सांगितलं होतं, उमेदवार घाबरला की असंच काहीतरी बोलतो, त्याला धीर द्या. तिने दिला. "तुम्हाला सगळं येतं, काका."

"तीच तर पंचाईत आहे."

परीक्षेला दोघांना वेगळी खोली मिळाली. तीस प्रश्न, पास व्हायला वीस गुण. देखरेखीचा माणूस दाराशी मोबाइलमध्ये बुडालेला. ती प्रश्न वाचायची, तो पर्याय सांगायचा, ती उत्तरपत्रिकेतला गोल काळा करायची.

सातव्या प्रश्नाला तो म्हणाला, "क."

तिचा हात अडला. हाच प्रश्न मंगळवारी सरावात आला, तेव्हा त्याने 'अ' सांगितला होता, वर 'क' का चुकीचा तेही समजावलं होतं.

"नक्की?"

"क."

तिने 'अ' भरला. उत्तर त्याचंच होतं, फक्त मंगळवारचं. असं अकरा वेळा झालं. शेवटी त्याने सगळं वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचलं ते त्याने सांगितलेलं, स्वतः भरलेलं नाही. तो बोटांवर काहीतरी मोजत होता, आणि मोजून झाल्यावर चांगलाच खुशीत दिसला.

निकालात तो पहिला आला. ती धावतच त्याच्या टेबलाशी गेली.

"अकरा चुकीची सांगितली होती मी," तो म्हणाला. "मोजून. एका गुणाने जायचं होतं, म्हणजे ताईलाही चार लोकांत सांगता आलं असतं, थोडक्यात हुकलं म्हणून."

"मला वाटलं, तुम्ही घाबरलात."

"वाटलं. शेजारीच बसलो होतो की मी. विचारायला फोन लावावा लागत नव्हता."

"मी जाऊन खरं सांगते."

"सांग. तुला पोरसवदा म्हणून सोडतील. मला म्हणतील, आंधळ्याने लेखनिकाच्या डोक्याने पेपर सोडवला. बढती जाईल आणि ही खुर्चीही."

तिला काही उमगेना. म्हणजे चुकीचं लिहिणंच बरोबर होतं? तिने मदत केली की चोरी? "तुम्ही ताईंना फसवणार होतात, ते चालतं?" तिने विचारलंच.

"नापास व्हायचं की नाही, ते माझं होतं," तो म्हणाला. "तेवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचंस."

इतक्यात फोन वाजला, पलीकडून ओळखीचा आवाज आला. "बोला मामा, भरली का टाकी?" हे तो अशा मजेत म्हणाला की रागावलाय की नाही, तेही तिला कळेना.

बहिणीला सांगण्यासारखा भाऊ मिळाला, घरात पगार वाढला. मुख्य ऑफिसला वार्षिक अहवालात छापायला एक अंध अधिकारी मिळाला. जुन्या खुर्चीवर माणूस नेमावा लागला नाही. तिथला फोन आता यंत्र उचलतं आणि एक दाबा, दोन दाबा म्हणतं. मुलीला पाच गुण मिळाले. किंमत मोजली ती त्याने: रोज दोन बस, पायाखाली नवा जिना, आणि दिवसभरात एकही ओळखीचा आवाज नाही.