रविवारच्या अंतरावर

आजूबाजूच्या खेड्यापाड्यांत असा एक गोठा नसेल, जिथे गुरांच्या डॉक्टरांनी बाह्या सरसावून अडलेली गाय सोडवली नसेल. जनावरांच्या दुखण्यात हयात गेली, पण स्वतःच्या दुखण्यासाठी त्यांनी कधी कुणाचं दार वाजवलं नाही. मग एका सकाळी बाथरूममध्ये ते पडले, डावी बाजू लुळी झाली आणि सगळा हिशेब एकदम चुकता झाला.

घरात थोरली लेक. लग्न मोडून ती परत आली त्याला बरीच वर्षं झाली होती. शाळेची बस चालवायची. पहाटे बस, दुपारी बस, मधल्या वेळात बाबा. त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर करता करता एक दिवस तिच्या कंबरेत अशी उसण भरली की क्लच दाबताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा त्यांना उचललंत, तर पुढच्या खेपेला दोघांना उचलायला माणसं शोधावी लागतील."

विषय काढला तो बाबांनीच. "माझ्यासाठी एखादी जागा बघ."

"काहीतरी बोलू नका."

"तुझी कंबर गेली तर बस कोण चालवणार? मी?"

ती त्यावर हसली आणि मग भांडी घासायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

धाकटा भाऊ लांब शहरात. त्याने फोनवर लगेच तोडगा काढला. "ताई, फोटो पाठवलेत बघ. तुमच्याच गावात, तुझ्या बसच्या रस्त्यावर नवीन शुश्रूषागृह झालंय. एकदम चकाचक. तुला रोज डोकावता येईल."

"बघू," ती म्हणाली. त्यातला 'रोज' तिला कुठेतरी टोचला, पण का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

गावातली जागा खरंच फोटोसारखी होती. फरशीत तोंड दिसेल अशी स्वच्छता, दारात माशांची मोठी काचपेटी. आत टीव्हीपुढे अर्धगोलात खुर्च्या मांडलेल्या आणि खुर्च्यांत म्हातारी माणसं. टीव्हीचा आवाज बंद होता आणि त्याचं कुणालाच काही नव्हतं. व्यवस्थापकीणबाई गोड होत्या. बाबांच्या डोक्यावरून त्या लेकीशी बोलत होत्या.

"बाबा जेवतात ना नीट? बाबांना झोप लागते?"

"बाबांना विचारा," बाबा खालून म्हणाले.

बाई हसल्या आणि पुढचा प्रश्नही लेकीलाच विचारला.

बाबांनी आपली चाकाची खुर्ची कोपऱ्यातल्या एका गृहस्थाजवळ न्यायला लावली. त्याच्या पायांकडे निरखून पाहिलं. नखं वाढून आत वळली होती. "पाणी प्यालात का दुपारी?" त्यांनी विचारलं. त्या माणसाने उत्तर देण्याआधी व्यवस्थापकीणबाईंकडे पाहिलं.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "बडा घर, पोकळ वासा. गोठा कसा आहे ते दारावरून नाही, खुरांवरून कळतं."

दुसरी जागा डोंगराच्या रस्त्यावर होती, पोचायला तासाच्या वर लागला. जुन्या शाळेची बैठी इमारत, फरशी इतकी उंचसखल की खुर्चीचं चाक दोनदा अडलं. आत शिरतात तोच भांडण ऐकू आलं. एक किडकिडीत आजी पलंगाची कड घट्ट धरून बसल्या होत्या आणि सेविका हातात टॉवेल घेऊन समोर उभी होती.

"आजी, काल पण नाहीच म्हणालात."

"काल नव्हती करायची अंघोळ. आज पण नाही करायची."

"बरं, निदान हातपाय तरी पुसू द्या. वास मला येतो, तुम्हाला नाही."

"तुझं नाकच मोठं आहे," आजी म्हणाल्या, पण त्यांनी एक पाय पुढे केला.

बाबा मान तिरकी करून ऐकत होते. तिथल्या मेट्रनबाई जाडजूड, घाईत असलेल्या. त्यांनी खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसकण मारली आणि आधी उणीवाच सांगितल्या. संध्याकाळी माणसं कमी पडतात, डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, थंडीत उत्तरेकडच्या खोल्या गारठतात. "तुम्हाला काय जमणार नाही, ते आत्ताच सांगा," त्या बाबांना म्हणाल्या. "मागाहून रुसू नका."

"मला कुणी 'आजोबा' म्हटलेलं चालणार नाही," बाबा म्हणाले.

"मग काय म्हणायचं?"

"डॉक्टर म्हणा. गुरांचा का असेना."

परतीच्या वाटेवर लेकीची जीभ थांबेना. डोंगरावरचीच जागा कशी चांगली, हवा किती मोकळी, ती मेट्रन किती सरळ. बोलता बोलता तिला आपलाच आवाज परका वाटायला लागला. गळ्यात माल मारणाऱ्या दुकानदारासारखा. एका वळणावर तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"बाबा, एक सांगू? ती जागा चांगली आहे, हे खरं. पण ती लांब आहे, म्हणूनही मला बरं वाटतंय. गावातली घेतली तर रोज यावं लागेल. डोंगरावर फक्त रविवारी."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

बाबा काचेबाहेर बघत होते. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "पाणी कुठे मुरतंय ते कळायला काय डॉक्टर लागतो? माझी आई आजारी होती, तेव्हा मीसुद्धा लांबलांबच्या गावांचे फेरे लावून घ्यायचो. गाय आजारी नसली तरी."

मग जरा वेळाने म्हणाले, "एका शेतकऱ्याने गाय विकली होती. जीव होता त्याचा तिच्यावर, म्हणून रोज संध्याकाळी नव्या मालकाकडे जाऊन तिला बघायचा. गाय चाऱ्याला तोंड लावेना. मला बोलावलं. ताप नाही, पोट नीट, काही नाही. दिवसभर दाराकडे तोंड करून उभी. मी त्याला सांगितलं, बाबा रे, तू यायचं थांबव. तो माझ्यावर महिनाभर चिडला होता."

"आणि गाय?"

"खायला लागली." त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "डोंगरावरचीच घेऊ. आणि पहिले दोन आठवडे तू येऊ नकोस. फोनही नको."

तिने बोटभर मोकळीक मागितली होती, बापाने हातभर दिली. आता तीच तिला सोसवेना. "दोन आठवडे जास्त होतात," ती म्हणाली. बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. तिने गाडी सुरू केली.

भाऊ फोनवर भडकला. "गावातली जागा सोडून डोंगरावर? लोक काय म्हणतील?"

"लोक सकाळ-संध्याकाळ उचलायला येणार असतील, तर घरीच ठेवते," ती म्हणाली.

ते दोन आठवडे तिने कसे काढले, ते तिचं तिलाच माहीत. कंबर हळूहळू सुटत होती आणि तिला त्याचाच राग येत होता. रिकाम्या पलंगावर तिने धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकून ठेवला, म्हणजे तो रिकामा दिसू नये. दोनदा गाडीची किल्ली हातात घेतली, दोनदा खुंटीला परत लावली.

तिसऱ्या रविवारी ती पोचली तेव्हा बाबा खिडकीशी पत्ते खेळत होते. समोर एक टक्कल पडलेला गृहस्थ, पूर्वीचा बेकरीवाला. एका हाताने पत्ते धरता येत नाहीत म्हणून कुणीतरी बाबांसमोर कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवला होता आणि पत्ते त्याच्या दातांत ओळीने खोचले होते. बाबा वाळले होते. हनुवटीवर दाढीचे खुंट राहिले होते.

त्यांनी तिला पाहिलं. डोळे क्षणभर ओले झाले. मग म्हणाले, "थांब. डाव संपू दे."

ती बाकावर बसून राहिली. तासाभराचा डोंगररस्ता तुडवून आलेल्या लेकीला थांबायला लावणारा बाप तिला ओळखीचा होता. गोठ्यातून बोलावणं आलं की तो असाच सगळ्यांना थांबायला लावायचा.

डाव संपल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "पहिले चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतो. जेवलो नाही. ती मेट्रन येऊन शेजारी नुसती बसायची, बोलायची नाही. तू आली असतीस ना, तर मी तुझ्या गाडीत बसलो असतो."

"आणि मी घेऊन गेले असते."

"म्हणून तर."

तिने पुढे होऊन त्यांच्या सदऱ्याचं चुकीच्या काजात गेलेलं बटण सोडवून नीट लावलं. त्यांनी लावू दिलं.

"अजून रात्री कठीण जातं," ते म्हणाले. "पण ते काय, घरीही कठीणच जायचं."

बेकरीवाला पत्ते पिसत होता. "तिघांत हा खेळ जास्त रंगतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पण डॉक्टर लबाडी करतात, आधीच सांगून ठेवतो."

तिने बाक पुढे ओढला.