चोरलेली फांदी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सांगलीच्या अख्ख्या विश्रामबागेला ठाऊक आहे. पण बागप्रेमी मंडळाच्या बैठकीत मी जी भांडले, ती पूर्ण शुद्धीत राहून भांडले. दर जानेवारीत आमचं मंडळ एक बस करतं आणि दिवसभरात लोकांच्या खासगी बागा बघून येतं. शेवटी सगळ्याजणी चिठ्ठ्या टाकतात आणि ज्या बागेला जास्त चिठ्ठ्या पडतील, त्या घरी तांब्याची झारी जाते. यंदा मी माझ्या सासूबाईंचं, बायडाबाईंचं नाव सुचवलं. मंडळातल्या क्रांतीताई म्हणाल्या, कोरेगावात गच्चीवर रंगाच्या डब्यांत लावलेल्या झाडांना बाग म्हणायचं असेल, तर माझ्या ओट्यावरच्या कोथिंबिरीलाही म्हणा. बाकीच्या हसल्या. त्यावर मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण कोरेगाव यादीत आलं.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीतल्या एका कॉलेजात तीस वर्षं शिपाई होत्या. फायली घेऊन या बंगल्यावर, त्या बंगल्यावर जायचं आणि सही होईपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं. लोकांच्या बागा त्यांनी अशा उभ्या उभ्याच बघितल्या. निवृत्त झाल्यावर त्या झाडांच्या डब्यांसकट कोरेगावच्या घरी राहायला गेल्या. आता तेहेतीस बायका बस करून त्यांची बाग बघायला येणार म्हटल्यावर त्यांनी गच्चीच्या जिन्याला स्वतः चुना मारला आणि चाळीस कप विकत आणले. रोज फोन करून विचारायच्या, येणार न्हवं समद्या? मला एकच धास्ती होती. त्या जिन्यावरून नाक मुरडत कुणी उतरू नये.

बसमध्ये मंडळाच्या अध्यक्षा संयोगिताताई माझ्या शेजारी बसल्या. आत्यांचं कॉलेज त्यांच्याच घराण्याचं. बागेचा विषय निघाला की त्या आपल्या गुलाबावर येतात, तशा त्या दिवशीही आल्या. नदीकाठच्या त्यांच्या बंगल्यात एक गुलाब होता, सकाळी गडद गुलाबी उमलायचा आणि दिवस कलेपर्यंत पांढरा पडायचा. त्यांच्या आईनं, आईसाहेबांनी, त्याची फांदी जन्मात कुणाला दिली नाही. कुंपणावर पाटीच होती, 'फांदी मागू नये'. हा गुलाब आमच्या दारातच आहे, दुसरीकडं कुठं नाही, याचा त्यांना कोण अभिमान. मग एकोणीस सालचा महापूर आला, आठवडाभर पाणी हललं नाही आणि झाड मुळापासून कुजलं. त्याच वर्षी आईसाहेबही गेल्या. तेव्हापासून ताईंनी पुण्यापर्यंतच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या होत्या.

पहिली बाग कराडजवळच्या मलकापूरची, जयराज पाटलांची. काय सांगावं त्या बागेचं, हिरवळ इतकी सारखी कापलेली की पाय ठेवायला जीव होईना. कारंजं, बोन्साय, आणि दर चार पावलांवर 'हात लावू नये'. मागे माळी, तोही डोळ्यांत तेल घालून. पण आमच्या बायका कुठल्या ऐकतात? आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, मागून आणलेलं रोप रुसतं आणि चोरलेलं जगतं. एकीनं माळ्याला खताचं विचारायचं आणि दुसरीनं पाठीमागं नखानं फांदी खुडायची, हे काम आमच्यात न शिकवता येतं. क्रांतीताईंनी बोगनवेलीची फांदी ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली ती मी बघितली. मी बोलले नाही, कारण माझ्या पर्समध्येही एक होती.

कराडला प्रीतिसंगमावर डबे सोडले, थोडा वेळ पाणी बघितलं आणि चारच्या सुमाराला शेवटच्या बागेला, कोरेगावात पोचलो. आत्या नवी साडी नेसून जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. बायका वर चढल्या आणि क्रांतीताईंसकट सगळ्यांचं बोलणं थांबलं. रंगाचे डबे, फुटका कुकर, कॉलेजातून मोडीत निघालेलं वॉशबेसिन, आणि त्या सगळ्यांतून उसळलेली झाडं. गच्ची दिसत नव्हती. समोर जरंडेश्वराचा डोंगर तेवढा दिसत होता. माझा ऊर भरून आला, ते मी लपवलं नाही.

आत्या एकेका डब्याशी थांबून सांगू लागल्या. ही जास्वंद मिरज स्टेशनातली. हा मोगरा प्रिन्सिपलांच्या दारचा. ही जुई साताऱ्याच्या दवाखान्याच्या कुंपणावरची, नणंदेच्या बाळंतपणात आणलेली. तीस वर्षं त्या जिथं जिथं उभ्या राहिल्या होत्या, तिथलं काही ना काही इथं वाढत होतं. बायका हसत होत्या, ओळखीची घरं निघाली की टाळ्या देत होत्या. मी मनात चिठ्ठ्या मोजायला लागले होते.

तेवढ्यात संयोगिताताई टाकीजवळच्या मोठ्या डब्यापाशी थबकल्या. एकाच झाडावर गडद गुलाबी कळी होती आणि शेजारी पांढरं पडलेलं फूल. त्यांनी खाली वाकून वास घेतला. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार बदललेला होता.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

नर्सरीतला म्हणाल्या असत्या तर कोण विचारणार होतं? मी तर डोळ्यांनी खुणावतही होते. पण आत्यांनी पदर सावरला आणि सरळ ताईंकडं बघितलं.

"व्हय, तुमच्याच दारचा हाय. आईसाहेब सही करत हुत्या, तवा मी मागनं फांदी मोडली. जेवणाच्या डब्यात घालून आणली. पाटी वाचली हुती मी."

मग क्रांतीताई म्हणाल्या, "म्हणजे चोरीचा."

त्या एका शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत्यांचे हात पदराच्या टोकाशी चाळा करायला लागले होते. चाळीस कप खाली ताटांत मांडून ठेवले होते आणि ही बाई वर उभी राहून त्यांना चोर म्हणत होती.

"क्रांतीताई," मी म्हटलं, "पर्स उघडा."

त्या लालबुंद झाल्या. मी वाट बघितली नाही, आधी माझीच उघडली आणि मलकापूरची फांदी वर धरली. पलीकडून कुणीतरी आपली काढली. मग तिसरीनं, चौथीनं. एकीच्या पिशवीतून तर अख्खं मुळासकट रोप निघालं. शेवटी क्रांतीताईंनी ओला रुमाल बाहेर काढला आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या. त्या मोकळेपणी हसल्या, हे मात्र त्यांचं मला आवडलं.

संयोगिताताई हसत नव्हत्या. त्या गुलाबाच्या डब्याशेजारी, खाली फरशीवर बसल्या होत्या आणि डोळे वाहत होते. आईनं फांदी कुणाला दिली असती तर आम्हाला इतकं हिंडावं लागलं नसतं, असं काहीतरी पुटपुटल्या. आत्या कात्री घेऊन आल्या आणि चांगली जाड फांदी धरून म्हणाल्या, घ्या ताईसाहेब, दोन नेवा. तुमचंच हाय.

ताईंनी त्यांचा हात धरला.

"देऊ नका, बायडाबाई. दिलेलं रुसतं. तुम्ही जरा डोंगराकडं बघा."

आत्यांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी कात्री कठड्यावर ठेवली आणि ताईंकडं पाठ करून जरंडेश्वराकडं तोंड केलं. आम्ही सगळ्यांनीही केलं. गच्चीवर आम्ही तेवढ्या बायका गुपचूप डोंगर बघत उभ्या राहिलो. मागे कट्ट असा आवाज आला, आणि थोड्या वेळानं दुसरा. जाताना आत्यांनी ताईंच्या हातात आपला जुना जेवणाचा डबा दिला, आत ओलं फडकं घालून.

चिठ्ठ्या तिथंच जिन्यात उघडल्या. नात्यातली म्हणून मी टाकली नव्हती. बत्तीसच्या बत्तीस कोरेगावच्या निघाल्या, आणि झारी क्रांतीताईंनी स्वतः आत्यांच्या हातात दिली. नाक कुणी मुरडलं नाही. चहा दोनदा करावा लागला.

बस गेली. मी मुक्कामाला राहिले आणि कप आवरून वर गेले, तर काय बघते, मोगऱ्याचा शेंडा गायब. जास्वंदीच्या तीन फांद्या खुडलेल्या. जुईची वेल एका बाजूनं छाटल्यासारखी. एक डबा शाबूत नव्हता. मी तिथूनच शिव्या द्यायला सुरुवात केली, या बायकांना बत्तीस चिठ्ठ्या टाकून वर दरोडाही घालायचा होता म्हणून.

आत्या झारी भरून वर आल्या. एकेका डब्याजवळ वाकून, मोडलेल्या जागेवर बोट फिरवत, पाणी घालत गेल्या. शेवटच्या डब्यापाशी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडभर हसू पसरलं होतं.

"गप गं अक्षता. लोकं चोराया लागली. आता झाली माझी बाग."