इस्त्रीखोलीची खिडकी

ताईला जुळी नातवंडं झाली, त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ शिवणकामगारांच्या सोसायटीचा अध्यक्ष झाला. तोवर तो नुसता कटिंग मास्तर होता. निवडून आला तो एका खिडकीवर. इस्त्रीच्या खोलीत वाफेने बायांचा जीव घुसमटायचा, त्यात तिथेच इस्त्री करणाऱ्या ताईला दमा. मास्तरने भर सभेत खिशातला खडू काढला, इस्त्रीखोलीच्या भिंतीवर खिडकी आखली आणि सवयीने चारी बाजूंनी दोन बोटं शिलाईसाठी जास्त सोडली.

"धुतल्यावर भिंत आटणार आहे का रे?" ताईने विचारलं. सभा हसली आणि मतं पडली.

पण अध्यक्ष म्हटलं की केबिन आली. ती झाली नेमकी त्याच भिंतीच्या पलीकडे. केबिन आली म्हणून पाहुणे आले, पाहुण्यांबरोबर सत्काराच्या ढाली, ढालींसाठी कपाट, आणि कपाटाला टेकायला ती भिंत. "पुढच्या महिन्यात बघू," मास्तर म्हणायचा. पुढे पुढे तेही म्हणेना. भाषणात "इस्त्रीखोलीला खिडकी करतोय" याचं कधीतरी "केली" झालं, आणि म्हणून म्हणून ते मास्तरला पटूनही गेलं. आपण थाप मारतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याला तर त्या खिडकीतून येणारा वारासुद्धा आठवायचा.

बायांनी भाषण ऐकलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि उरल्यासुरल्या कापडाचा एक झकास पडदा शिवून खडूच्या रेघांवर टांगला. "खिडकी झालीच आहे म्हणतोय," ताई म्हणाली, "मग उघडीवाघडी कशाला ठेवायची?"

जुळी शाळेत जायला लागली त्या उन्हाळ्यात कोणी बडे पाहुणे यायचे होते. मास्तरने कोट इस्त्रीला धाडला. कोट काही येईना. निरोप मात्र आला, "अध्यक्षांना म्हणावं, पाय असतील तर येऊन घेऊन जा."

मास्तर तणतणत गेला. कित्येक वर्षांत तो त्या खोलीत शिरला नव्हता. कोट टेबलावर चुरगळलेलाच होता, आणि ताई स्टुलावर बसून धापा टाकत होती.

"ताई, पाहुणे दुपारपर्यंत येतील!"

"येऊ देत. मला श्वास येईना, आधी ते बघ."

"मग कोंडून कशाला बसता गं सगळ्याजणी?" मास्तर करवादला. "एवढी खिडकी करून दिलीय, पडदा तरी सरकवा!" आणि त्याने स्वतःच फर्रकन पडदा ओढला.

समोर भिंत. तिच्यावर त्याच्याच हातच्या रेघा, शिलाईच्या दोन बोटांसकट. पुसट झाल्या की ताई त्या गिरवायची.

कोणी हसलं नाही. मास्तरने भिंतीला तळहात लावून पाहिला.

"मी केली नव्हती?" त्याने विचारलं.

"नाही रे बाळ्या," ताई म्हणाली. "बोलतोस मात्र छान तिच्याबद्दल. आम्हालाही ऐकून गार वाटायचं."

पाहुणे आले तेव्हा अध्यक्ष बनियनवर होते, कपाट व्हरांड्यात होतं, आणि गवंडी केबिनच्या बाजूने, मास्तरने नव्याने आखलेल्या खडूच्या रेघांवर घण घालत होता.

"भाषण कधी?" पाहुण्यांनी विचारलं.

"आज नाही. ते घमेलं जरा इकडे सरकवा."

"ही बाहेरची रेघ कसली?" गवंड्याने विचारलं.

"शिलाईची," ताई भिंतीपलीकडून ओरडली. "तीही पाड!"

खिडकी केबिनमध्येच उघडायची, त्यामुळे केबिनचं दार सताड उघडं ठेवल्याशिवाय इस्त्रीखोलीत वारा जाईना. मास्तरने दार उघडंच ठेवलं. वारा इकडून तिकडे जायचा, वाफ आणि बायांच्या शिव्या तिकडून इकडे यायच्या. ढालींना गंज चढला. मास्तर अधूनमधून खिडकीत हात घालून बघायचा, खरंच आहे ना.

ताई गेली ती जुळी कॉलेजात गेली त्या वर्षीच्या थंडीत, दम्यानेच. मास्तर तिच्यामागून तिसऱ्या वर्षी गेला, अध्यक्ष असतानाच.