आधी काही ठरलं होतं का?

बियाणं तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांना सगळे चिमटाबाई म्हणत. तोंडावर नाही; पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या एप्रनच्या खिशात कायम एक टोकदार चिमटा असायचा, स्वतःच्या पैशांनी घेतलेला, आणि ओल्या कागदावरचं कोवळं रोप धक्का न लावता उचलण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

काम तसं साधंच. विक्रीला निघालेल्या बियाण्याचा नमुना येतो. त्यातल्या बिया ओल्या कागदावर ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करायची, गुंडाळ्या उबदार कपाटात उभ्या ठेवायच्या आणि नेमल्या दिवशी उलगडून बघायचं: किती नीट उगवल्या, किती वेड्यावाकड्या, किती मेल्या. शिवाय एक रकाना कठीण बियांचा असतो. या बिया जिवंत असतात, पण पाणी आत घेत नाहीत, त्यामुळे मुदतीत उगवतही नाहीत. चिमटाबाई नव्या माणसाला बजावत, की यांच्यावर रागवायचं नाही आणि यांची दयाही करायची नाही. त्या आहेत तशा, वेगळ्या लिहायच्या.

त्या निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी साहेबांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, छोटंसं भाषण केलं. फुलं दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. मग म्हणाले, "ही काही ताटातूट नाही. सहा महिने होऊ देत, बाई अर्धवेळ परत येतायत. तोवर त्यांच्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही." टाळ्या पडल्या. चिमटाबाईंना भाषणाचा कंटाळा. त्या उठून एवढंच म्हणाल्या, की सहा महिन्यांनी येतेच, माझी उशी हलवू नका. पुन्हा टाळ्या. एप्रन खुंटीवर, चिमटा खणात आणि पाठीची उशी खुर्चीवर ठेवून त्या घरी आल्या.

नियम साहेबांनीच त्यांना समजावून दिले होते. सरकारी पेन्शन घेणाऱ्याला पुन्हा सरकारी कामावर यायचं असेल तर आधी सहा महिने पूर्णपणे बाहेर राहावं लागतं. त्या काळात फुकटसुद्धा मदत करायची नाही. परतायचं ते निम्म्याहून कमी वेळासाठी, आणि तेही पेन्शन कचेरीत समक्ष जाऊन परवानगी घेतल्यावर. नाहीतर पेन्शन थांबते. चिमटाबाईंना यात अवघड काही दिसलं नाही. वाट बघणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

घरात मात्र त्यांच्या वाट बघण्याचा इतरांना ताप झाला. आधी त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मग वापराप्रमाणे लावले. तिसऱ्यांदा लावायला घेतले तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले, की आता डबेच राजीनामा देतील. यजमानांचं घराखालीच चष्म्याचं दुकान होतं. ते निवृत्त झाले नव्हते आणि व्हायचा विचारही नव्हता. आमच्या धंद्यात पेन्शन नसते, शटर असतं, असं ते म्हणत. नणंद आली की तिचा वेगळाच सूर. वहिनी, आता तरी आराम करा, जुनं बी कुठवर उगवायचं, असं ती हसत हसत म्हणायची आणि चिमटाबाई तिला शांतपणे सांगायच्या, की ते बी कसं साठवलंय त्यावर आहे.

त्यांना पैशाची निकड नव्हती. त्यांना हवा होता तो गुंडाळी उलगडतानाचा क्षण. आत काहीतरी घडून गेलेलं असतं आणि ते अजून कुणालाच माहीत नसतं. तो क्षण घरात कुठल्याच डब्यात सापडत नव्हता.

सहा महिने संपत आले तसा साहेबांचा फोन आला. सगळं तयार होतं: आठवड्यातून तीन सकाळी, नेहमीचं टेबल, नेहमीचं काम. फक्त पेन्शन कचेरीत एकदा जाऊन यायचं. जाता जाता साहेब म्हणाले, की तिथे एक प्रश्न विचारतात. निवृत्त व्हायच्या आधी परत यायचं काही ठरलं होतं का, म्हणून. ठरलं असेल तर परवानगी मिळत नाही. तेव्हा नाही म्हणून मोकळं व्हायचं.

"पण ठरलं होतं," चिमटाबाई म्हणाल्या.

साहेब हसले. निरोपाच्या भाषणाला कुणी करार म्हणत नाही, असं म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या सहज भेटायला म्हणून प्रयोगशाळेत गेल्या. भेटायला बंदी नव्हती. दार उघडताच तो वास आला, ओल्या कागदाचा आणि मोडांचा, आणि त्या क्षणभर उंबऱ्यातच थांबल्या.

आत त्यांची खुर्ची होती तशीच होती. उशीसकट. टेबलाच्या मधोमध, खिडकीच्या उजेडात. आणि टेबलाच्या कोपऱ्याशी एका उंच स्टुलावर वाकून डावरी मोजणी करत होती. डावरी म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुलगी. डाव्या हाताने काम करायची म्हणून हे नाव पडलेलं. चार वर्षं ती हंगामी नेमणुकीवर होती; दर तीन महिन्यांनी नवा हुकूम निघे आणि दर वेळी तो निघेपर्यंत ती कुणाशी फारसं बोलत नसे. स्टुलाला पाठ नव्हती. दिवा तिने ओढून उजवीकडे घेतला होता, तरी खुर्ची मध्ये असल्यामुळे तिच्या हाताची सावली कागदावर पडतच होती.

"खुर्चीवर का नाही बसत?" चिमटाबाईंनी विचारलं.

"साहेबांनी सांगितलंय ना, हात लावायचा नाही." मग ती जरा हसली. "झाडताना मात्र लावते हं, बाई. तेवढं माफ करा."

मोजणी कशी चाललीय, असं त्यांनी विचारलं. बरी चाललीय, ती म्हणाली. नमुने पूर्वीइतकेच येतात. ती एकटीच करते. बाईंची कायमची जागा भरायची नाही असं ठरलंय, कारण बाई येणारच आहेत. बाईंच्या तीन सकाळी आणि तिची हंगामी नेमणूक मिळून काम निघतं, असं साहेब म्हणतात. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. हवा आज दमट आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

मग तिने समोरचा कागद त्यांच्याकडे सरकवला. एका रोपाची पहिली दोन पानं फाटल्यासारखी होती. चिमटाबाईंचा हात आपसूक खणाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"बघते. सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर काम होईल."

"सांगू नका. मी सांगते, तुम्ही मान हलवू नका." डावरीने डाव्या हाताने रोप उचललं आणि वळवून धरलं. "मी हे चांगल्यात धरलंय. पान फाटलंय, पण निम्म्याहून जास्त शाबूत आहे आणि शेंडा जिता आहे."

चिमटाबाईंनी ते वेड्यावाकड्यांत टाकलं असतं. त्या खाली वाकल्या. पुष्कळ वेळ बघत राहिल्या. शेंडा खरोखरच जिता होता, दोन पानांच्या बेचक्यात, हिरवा आणि टाचणीच्या टोकाएवढा. त्यांनी मान हलवली नाही. पण डावरीने उचललेल्या रोपाचं मूळ कुठे दुखावलं नव्हतं, हेही त्यांनी पाहिलं. बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या तळाशी काहीतरी टोचलं, तेही त्यांनी आहे तसं, वेगळं लिहून ठेवलं.

रात्री जेवताना त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. यजमानांचं मत असं, की यात विचार करण्यासारखं काही नाही. भाषणात माणूस वाट्टेल ते बोलतो. माझ्या मामांनी लग्नात मला दुकान काढून देतो म्हणून सांगितलं होतं, त्याचं काय झालं? तू नाही म्हण आणि जा कामाला. डबे तरी सुटतील.

"अहो, पण मी उत्तर दिलं होतं. येतेच म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलेले सगळे त्या कचेरीत बसलेत का?"

"मी बसणार आहे ना तिथे."

यजमानांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला आणि विषय बदलला. इतक्या वर्षांत त्यांना कळलं होतं, की ही अशा आवाजात बोलली की भिंतीशी बोललेलं बरं. निदान भिंत उलटून उत्तर देत नाही.

पेन्शन कचेरीत खिडक्यांऐवजी आता छोटी छोटी टेबलं होती. त्यांच्या वाट्याला आलेल्या अधिकारीण बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी नाव, हुद्दा, निवृत्तीची तारीख विचारून घेतली. या सहा महिन्यांत तिथे काही काम केलं का? चिमटाबाई म्हणाल्या, एकदा भेटायला गेले होते, हात पाठीमागे होते. अधिकारीण बाईंनी नाक पुसता पुसता वर पाहिलं आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

"निवृत्त व्हायच्या आधी परत यायचं काही ठरलं होतं का?"

प्रश्न इतका सवयीने विचारला गेला, की त्याचं उत्तर नाही असंच असणार हे आवाजातच होतं. बाईंचं पेन त्या उत्तरावर आधीच टेकलेलं होतं.

चिमटाबाईंनी विचारलं, "हा नियम कशासाठी आहे?"

हे बहुधा कुणी विचारत नसावं. अधिकारीण बाई जरा मागे रेलल्या. "माणूस गेला की जागा मोकळी व्हावी म्हणून," त्या म्हणाल्या. "खरीच मोकळी. नाहीतर होतं काय, माणूस पेन्शन घेतो, पगार घेतो, आणि त्याच्या मागचा उभाच राहतो."

चिमटाबाईंना पाठ नसलेलं स्टूल दिसलं. कागदावरची सावली दिसली. पण त्याच वेळी गुंडाळीही दिसली, तिची कड सोडवणारी आपली बोटं, आणि आत अजून कुणी न पाहिलेलं काहीतरी. नाही हा एवढासा शब्द. तो म्हटला की परवा सकाळी त्या तिथे असणार होत्या.

"ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं आणि मी हो म्हटलं. सगळ्यांसमोर."

अधिकारीण बाईंनी पेन उचललं. "तुम्हाला माहीत आहे ना, मग मी परवानगी देऊ शकत नाही."

"माहीत आहे."

बाईंनी तरीही खुलासा केला, आणि तो करताना त्यांचा आवाज आधीपेक्षा मऊ होता. तुम्ही अजून कामावर गेलेल्या नाहीत, त्यामुळे पेन्शनला धक्का नाही. त्या प्रयोगशाळेत मात्र परत जाता येणार नाही. प्रयोगशाळेला ती जागा उघडपणे जाहीर करून भरावी लागेल. आजच तसं कळवू. अर्ज कुणीही करावा, तुम्ही सोडून. दुसऱ्या एखाद्या कचेरीत काही मिळालं तर जरूर या.

चिमटाबाई उठल्या. सर्दीवर वाफ घ्या, असं सांगून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडून पलीकडच्या बाकावर त्या थोडा वेळ बसून राहिल्या. समोरून लोक कामावर जात होते. प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं होतं.

त्या प्रयोगशाळेत गेल्या तोवर साहेबांना कळलं होतं. ते चिडले नव्हते, दुखावले होते. मी तुमच्यासाठी जागा अडवून ठेवली, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले, आणि एवढं खरं बोलायची काय गरज होती, असंही म्हणाले.

"साहेब, न उगवलेलं बी आपण कधी उगवलेल्यात धरतो का?" चिमटाबाई म्हणाल्या. "कितीही ओळखीचं असलं तरी?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मग त्यांनी शिपायाला दोन कप चहा सांगितला, यातच काय ते आलं.

डावरी स्टुलाजवळ उभी होती. जाहिरात येणार हे तिच्याही कानावर आलं होतं. ती निवडली जाईलच असं नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. चिमटाबाईंनी एप्रनची घडी केली, खणातून चिमटा घेतला आणि शेवटी उशी उचलली. उशीमागचं खुर्चीचं कापड वेगळ्याच रंगाचं निघालं.

"बस," त्या म्हणाल्या.

डावरी बसली. तिचे पाय अधांतरी राहिले. खुर्चीची उंची कमी करायची कळ वर्षानुवर्षं कुणी फिरवली नव्हती. ती गंजून घट्ट बसली होती. दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा ती करकरली आणि डावरी अचानक खाली आली. ती ओरडली आणि मग दोघी हसू लागल्या. डावरीने पाय जमिनीला टेकवून पाहिले. खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली. कागदावरची सावली गेली.

"जाहिरात निघाली की घरी ये," चिमटाबाई म्हणाल्या. "मुलाखतीत काय विचारतात ते बघू. माझ्या घरात बोलायला बंदी नाही."

घरी आल्यावर त्या वर गेल्याच नाहीत. दुकानात यजमान एका चष्म्याची दांडी हातात धरून डोळे बारीक करून बसले होते. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान स्क्रू, तो भोकात बसत नव्हता आणि दोनदा टेबलाखाली गेला होता. दुसऱ्यांचे डोळे सुधारणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. चिमटाबाईंनी गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर उशी ठेवली, बसल्या, पर्समधून चिमटा काढला आणि स्क्रू उचलला.

काय झालं, असं यजमानांनी विचारलं नाही. उशीकडे पाहून त्यांना कळलं. त्यांनी दिवा चिमटाबाईंच्या बाजूला वळवला आणि पुढचा चष्मा डबीतून काढून ठेवला. त्याच्यामागे आणखी एक.

"अर्धवेळच बरं का," चिमटाबाई म्हणाल्या. "सकाळचं जमणार नाही, डबे लावायचे असतात."

"चालेल. पण आधी काही ठरलं होतं का आपलं?"

स्क्रू बसला. त्यांनी दांडी उघडमीट करून पाहिली.

"नाही," त्या म्हणाल्या. "आत्ताच ठरतंय."