निळा वीर पडतो तेव्हा

साहेब, नसीरला तुम्ही दोनदा पाडलंत. पहिल्यांदा दोर सुटला, त्याला अपघात म्हणालात. दुसऱ्यांदा तुम्ही खुर्चीत बसून, मागे बासरी लावून, सावकाश पाडलंत. त्याला काय म्हणायचं?

मी राजेंद्र, टाकवे बुद्रुकचा, कामाला नवलाख उंबरे गावातल्या कारखान्यात. नसीर माझा दोस्त. लोणावळ्याच्या मोठ्या हॉटेलांच्या काचा तो दोरावर लोंबकळून पुसायचा. तुम्ही दिग्दर्शक. तुमची माणसं सात वीरांच्या सिनेमाचं शूटिंग घेऊन घाटात आली, तेव्हा त्यांना निळ्या वीराच्या जागी उड्या मारणारा पाहिजे होता. नसीर अंगानं तसाच. वरून मुखवटा, मग आतलं तोंड कुणाचं का असेना.

तो कड्यावरून पडला तेव्हा त्याचा भाऊ इर्शाद तिथंच होता. त्यानं तुम्हाला एवढंच विचारलं, "हे कॅमेऱ्यात आलंय का?" तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. म्हणालात, "पुसून टाकलं."

म्हणून इर्शादनं घरी वेगळं सांगितलं. नसीर सावलीत जेवायला बसला, चक्कर आली, दगडावर कलंडला. त्याला काही कळलंच नाही. आमच्याकडे आईला असंच सांगतात. मयताला आलेल्या प्रत्येकानं तेच सांगितलं, मीही सांगितलं. नसीरची आई, अजीजुन्निसाचाची, त्या एका वाक्यावर उभी राहिली. "कळलं न्हाई लेकराला," असं म्हणत भाकरी थापायची.

मग सिनेमा आला. त्यात नसीर शोधून सापडेना. सगळ्या उड्या कापलेल्या. तुम्ही मुलाखती देत सुटलात, की कंपनीनं माझा सिनेमा कापला, मला अख्खा दाखवायचाय. पोरांनी मोबाईलवर बोंब उठवली, अख्खा दाखवा, अख्खा दाखवा. चाचीलाही वाटलं, लेकाचं काम वाया गेलं. तिनं इर्शादच्या बायकोला, अल्फियाला, मोबाईल धरायला लावला. पदर नीट केला आणि बोलली, "साह्येब, माज्या नसीरनं लय काम केलंय. कापू नका. समदं दाखवा."

तो व्हिडिओ तुम्ही जाहिरातीत लावलात.

तुमचा चार तासांचा सिनेमा मोबाईलवर आला, त्या रविवारी दुपारी गावानं समाजमंदिराच्या खिडक्यांना चादरी लावल्या. मंडपवाल्या मारुतीनं पडदा दिला. चाचीला पुढं खुर्चीवर बसवलं.

"ह्यो निळा म्हंजी आपला नसीर व्हय?" नंदाबाईनं विचारलं. "अगं, चड्डी वरनं घातलीय की!"

"घरात पायजमा धड घालत न्हवता," चाची म्हणाली. सगळं समाजमंदिर हसलं.

प्रत्येक उडीला शिट्ट्या. चाची मागं वळून वळून सगळ्यांची तोंडं बघत होती. लेकाच्या लग्नातसुद्धा तिला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

मग तो कडा आला. इर्शाद उठून उभा राहिला. तो काही बोलायच्या आत निळा वीर दोरावर आला, डावा हात वर, कारण नसीर डावखुरा. आणि दोर सुटला. तुम्ही ते किती हळू केलंय साहेब! पाय हवेत, हात दोर शोधतोय. एक ओरडा. मागून बासरी. पोरांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग एकेक हात थांबला.

पुढच्याच क्षणाला तुमचा निळा वीर उठला, अंगावरची माती झटकली आणि हसला.

चाची पडद्याकडे बघत राहिली. "ह्यो उजव्या हातानं झटकतोय," ती म्हणाली. "ह्यो माजा न्हाई. पडला त्यो माजा."

मारुतीनं पडदा बंद केला. त्याचा काय उपयोग?

तेवढा तुकडा काढा म्हणून इर्शादनं तुमच्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं, आईंचीच तशी इच्छा होती, त्यांचा व्हिडिओ आमच्याकडे आहे. वकील म्हणाला, मुखवट्यामागं कोण ते आधी सिद्ध करा. पोलीस म्हणाले, सिनेमा आहे हो तो. लोक तेवढाच तुकडा कापून एकमेकांना पाठवतायत, खाली लिहितायत, काय भारी पडलाय.

चाचीला मात्र तुकडा काढायचा नाही. तिला तो ओरडा पाहिजे. अल्फियाकडून लावून घेते, डोळे मिटून ऐकते. म्हणते, "ल्हानपनी चिंचंवरनं पडला, तवा असाच वरडला हुता." मग म्हणते, "का तसं न्हाई?"

"अम्मी, ते आवाज मागनं भरत्यात," इर्शाद सांगतो. "स्टुडिओत दुसराच मानूस वरडतो."

"तू म्हनला हुतास, बसल्या जागी गेला."

इर्शाद उठून बाहेर जातो. मग चाची माझ्याकडे बघते. आम्ही सगळ्या गावानं मिळून तिच्याशी एकदा खोटं बोललोय. आता आम्ही खरं बोललो तरी ती कानावर घेत नाही. तिच्या लेखी खरं सांगू शकेल असा एकच माणूस उरलाय, आणि तो तुम्ही आहात. तुमचा फोन तुमची पोरं उचलतात, म्हणतात सर मीटिंगमध्ये आहेत.

माफी नको. तुमचा हार नको. एकच सांगा. तो ओरडा तुम्ही स्टुडिओत भरलात, की तो नसीरचा आहे? बोला.